पँट एक, मग 'पेअर' कशाची?

आमच्या एका मित्रानं मध्ये ऑनलाइन पँट मागवली. वर्णनात लिहिलेलं 'वन पेअर ऑफ ट्राउझर्स' आणि गडी एकदम खूश, कारण पेअर म्हणजे जोडी, म्हणजे एकावर एक आलीच. पार्सल आलं, फोडलं, आत एकच पँट. त्यानं खोका उलटा करून झटकला, पिशवीत हात घालून चाचपलं आणि मग तक्रार टाकली की एक नग कमी आलाय. तिकडून उत्तर, 'सर, यू हॅव रिसीव्हड वन पेअर.' झालं, डोकंच फिरलं त्याचं. ती एकुलती एक पँट माझ्यासमोर धरून म्हणतो, तूच सांग, ह्यात पेअर कुठाय?

मी आधी पोटभर हसून घेतलं, पण प्रश्न खरंच रास्त आहे. शाळेत आपल्याला 'ट्राउझर्स, सिझर्स, स्पेक्टॅकल्स, हे शब्द नेहमी अनेकवचनी' एवढं पाठ करायला लावलं आणि विषय संपवला, का असं ते कुणी सांगितलंच नाही. बहुतेक शिकवणाऱ्यांनीपण तसंच पाठ केलेलं असणार.

गंमत म्हणजे ह्याचं उत्तर त्याच्या तक्रारीतच होतं. तो म्हणाला ना 'एक नग कमी आला'? तर 'पेअर ऑफ पँट्स' मधला पेअर म्हणजे जोडी नाहीच, तो आपला 'नग' आहे. पेअर ऑफ शूज म्हटलं की तिथे खरा जोड असतो, डावा आणि उजवा, एक हरवला तर दुसरा उरतो. पण पेअर ऑफ पँट्समधली एक काढून ठेवा बरं. काय काढणार? तिथे पेअर हा शब्द फक्त मोजायची सोय म्हणून बसवलाय.

आता मोजायला वेगळी सोय कशाला लागते, ते बघू. आपल्याकडे 'हाल' हा शब्द घ्या. 'माझे हाल झाले' म्हणतो आपण, 'त्याचे हाल कुत्रा खाईना' म्हणतो, पण 'माझा एक हाल झाला' असं कधी ऐकलंय? दोन हाल, तीन हाल असंही नाही. कांजिण्यांचं तेच, 'मला कांजिण्या आल्यात' म्हणतात, 'एक कांजिणी आली' कुणी म्हणत नाही. हे शब्द जन्मालाच अनेकवचन घेऊन येतात, एकवचन त्यांना माहीतच नसतं. व्याकरणवाले ह्याला लॅटिनमधे 'प्लुरालिया टँटम' म्हणतात, अर्थ साधा, 'फक्त अनेकवचनी'. इंग्रजीत पँट्स, ट्राउझर्स, जीन्स, शॉर्ट्स, लेगिंग्स, टाइट्स ही सगळी ह्याच पंगतीतली. मराठीत निदान असं आहे की हाल कुणी मोजायला बसत नाही, पण कपडे तर मोजावेच लागतात, धुवायला टाकताना, बॅग भरताना, विकत घेताना. 'टू पँट्स' म्हटलं की इंग्रजी कानाला खटकतं, कारण पँट्स आधीच अनेकवचनी असल्यामुळे एक कुठली आणि दोन कुठल्या ते त्या शब्दावरून कळतच नाही. म्हणून मग पुढे 'पेअर' लावायचं आणि ते पेअर मोजायचं, वन पेअर ऑफ पँट्स, टू पेअर्स ऑफ पँट्स. आपण नाही का कागदाचे दोन ताव म्हणत, गवताच्या चार पेंढ्या म्हणत, तसंच.

पेअर हा शब्दसुद्धा पूर्वीपासून इतका काटेकोरपणे 'दोनच' नव्हता. जुन्या इंग्रजीत 'पेअर ऑफ बीड्स' म्हणजे जपाची अख्खी माळ, 'पेअर ऑफ कार्ड्स' म्हणजे पत्त्यांचा अख्खा कॅट आणि 'पेअर ऑफ स्टेअर्स' म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांची एक सलग रांग. माळेत काय दोन मणी असतात? तिथे अर्थ होता, एकत्र असलेला संच. लॅटिनमधे मूळ शब्द 'पार', म्हणजे समान, सारखं. 'दोन' ह्या अर्थासोबत सारख्या सारख्या गोष्टींचा गठ्ठा तो पेअर, असाही अर्थ चालायचा, नंतर तो हळूहळू मागे पडला आणि 'दोन' तेवढा उरला. भूमितीच्या तासाला वर्तुळ काढायला आपण जो कंपास वापरतो त्याचं इंग्रजीतलं पक्कं नाव 'पेअर ऑफ कंपासेस' आहे हे मला फार उशिरा कळलं, आपण नुसतं कंपास म्हणून मोकळे.

आता ती इंटरनेटवर फिरणारी गोष्ट. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं की 'पूर्वी पँटचे दोन पाय वेगवेगळे मिळायचे, एकेक पाय चढवायचा आणि कमरेला बांधायचा, म्हणून पेअर'. हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टी फार चिवट असतात. खरा भाग असा की मध्ययुगात युरोपातले पुरुष 'होज' नावाचा प्रकार घालायचे, म्हणजे लांब मोज्यासारखे दोन सुटे पाय, दोन्ही वेगळे, नाड्यांनी वर अंगरख्याला किंवा कमरेच्या कपड्याला बांधलेले. वरचा अंगरखा लांब होता तोवर मधली उघडी जागा झाकून जायची. मग फॅशन बदलली, अंगरखे आखूड व्हायला लागले, आणि अर्थातच पंचाईत झाली, म्हणून पंधराव्या शतकाच्या आसपास हे दोन पाय मधे जोडले जायला लागले आणि पुढच्या बाजूला झाकायला एक वेगळा कापडाचा तुकडा आला. तेव्हा 'पेअर ऑफ होज' खरंच दोन वस्तू होत्या, मान्य.

पण 'पँट्स' ह्या शब्दाचं वय बघा. तो 'पँटालून्स'चा कापून छोटा केलेला प्रकार आहे, अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुळलेला. पँटालून्स आलं 'पँटालोने' वरून, हे इटलीतल्या कोमेदिया देल आर्ते ह्या नाट्यप्रकारातलं पात्र, व्हेनिसचा म्हातारा, चिक्कू, पैसेवाला व्यापारी, पायात घट्ट लाल तुमान. हे नाव व्हेनिसमधे लोकप्रिय असलेल्या सान पँटालेओने ह्या संतावरून आलं असं मानतात. म्हणजे हिशोब करा, एका संताचं नाव एका कंजूष पात्राला, पात्राचं नाव त्याच्या तुमानीला, आणि तुमानीचं नाव अर्धं कापून तुमच्या-माझ्या कपाटात. तर हा शब्द इंग्रजीत आला तोवर तुमानीचे दोन पाय कधीच जोडले गेले होते. पँट्स हा शब्द ज्या कपड्याला लावला तो कपडा पहिल्या दिवसापासून अखंडच होता! मग तिथे पेअर कसं आलं, तर सवयीनं. आधीचे शब्द, होज, ब्रीचेस (गुडघ्याशी संपणारी जुनी तुमान), ट्राउझर्स, सगळे पेअरमधे मोजायची सवय लागलेली, नवीन आलेला त्याच रांगेत उभा राहिला. कात्रीच बघा की, कात्रीचं एकेक पातं सुटं विकत घेऊन वापरतंय का कोण? तरी 'पेअर ऑफ सिझर्स'. चष्मा, चिमटा, पक्कड, दुर्बीण, सगळीकडे पेअर. म्हणजे विक्री सुटी व्हायची का नाही हा मुद्दाच गौण, दोन सारखे भाग एका जागी जोडलेले दिसले की इंग्रजीला ते अनेकवचन वाटतं.

'ब्रीचेस' ची तर अजून मजा आहे. जुन्या इंग्रजीत एकवचन 'ब्रोक' आणि अनेकवचन 'ब्रेक', जसं फूटचं फीट होतं तसंच. म्हणजे तो शब्द आधीच अनेकवचनी होता, पण नंतरच्या लोकांना ते जाणवेना, म्हणून त्यांनी त्याच्यावर अजून एक अनेकवचनाचा प्रत्यय चढवला. पँटवर पँट घातल्यासारखं झालं ते.

आता एक काम करा, घरातली एखादी पँट घ्या आणि उलटी करा. पायाच्या आतल्या बाजूची शिवण धरून खालून वर या. वर जाऊन ती एका चौकात पोचते, तिथे चार शिवणी भेटतात, दोन्ही पायांच्या आतल्या दोन आणि एक चेनच्या खालून येणारी, एक मागून कमरेकडून येणारी. ह्या शेवटच्या दोन मिळून एकच सलग शिवण आहे, पुढून मागे गेलेली, यू अक्षरासारखी. फॉर्मल पँट शिवताना बहुतेक वेळा काय करतात, तर आधी एकेक पाय स्वतंत्र नळीसारखा शिवून पूर्ण करतात, मग एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायाच्या आत घालतात, कडा जुळवतात आणि ती यू-वाली शिवण मारतात. म्हणजे ती एक शिवण मारायच्या आधी टेबलावर खरोखरच दोन वस्तू पडलेल्या असतात! पँटच्या आयुष्यातली तेवढीच वेळ, जेव्हा तिला पेअर म्हटलं तर माझा मित्रसुद्धा भांडणार नाही. जीन्समधे बऱ्याचदा क्रम उलटा असतो, मधली शिवण आधी आणि मग एका पायाच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत आतली शिवण एकाच फटक्यात, त्यामुळे तिथे तेवढीही संधी नाही.

लगेच पुढचा प्रश्न येतो की शर्टाला पण दोन बाह्या असतात, मग 'पेअर ऑफ शर्ट' का नाही. तर शर्टाचं मुख्य अंग म्हणजे मधला धड झाकणारा भाग, बाह्या त्याला नंतर लावलेल्या, अर्ध्या ठेवा नाहीतर काढून टाका, शर्ट शर्टच राहतो. पँटचे पाय काढून टाकले तर उरतं काय, पट्टा आणि चेन. ब्रा एकवचनी आणि पँटीज अनेकवचनी ह्यावर इंग्रजीत हजार विनोद झालेत, पण लॉजिक तेच, ब्रा धडाचा कपडा. अर्थात हे लॉजिक फार ताणू नका, तुटतं. पँटीजना पाय नसतातच, दोन भोकं असतात फक्त, तरी अनेकवचन. 'जंपसूट'ला दोन ढळढळीत पाय आहेत तरी एकवचन, आणि त्याच्यासारखेच दिसणारे 'ओव्हरऑल्स' मात्र अनेकवचन. इंग्रजीला नियम विचारला की ती खांदे उडवते.

बरं ही सगळ्या युरोपची सवय आहे असंही नाही. फ्रेंच माणूस निवांत एकवचनात 'पाँतालाँ' म्हणतो, जर्मनीत तोच जुना होज शब्द आज पँटसाठी वापरतात आणि तोही एकवचनी, डचांनी ब्रीचेसचा भाऊबंद 'ब्रूक' ठेवला, एकवचनी. इटालियन मात्र इंग्रजांच्या बाजूनं, 'पाँतालोनी', अनेकवचनी. पाय सगळ्यांना दोनच आहेत.

आपण मराठीत काय केलं ते तर भारीच आहे. 'पँट्स' ऐकलं, शेवटचा 'स' अनेकवचनाचा आहे हे ओळखलं, तो कापला आणि 'पँट' करून स्त्रीलिंगी एकवचनात बसवली, माझी पँट उसवली, नवी पँट घेतली. विजार, चड्डी, तुमान सगळ्या स्त्रीलिंगी एकवचनी होत्या, ही त्यांची धाकटी बहीण झाली. पण 'जीन्स' चा स मात्र आपण कापला नाही, 'माझी जीन्स फाटली' म्हणतो, म्हणजे अनेकवचनी शब्द उचलला आणि एकवचनी वापरला. 'एक शूज सापडत नाहीये' हे तर मी रोज ऐकतो. मराठी बोलताना हे सगळं शंभर टक्के बरोबर आहे, उधार घेतलेला शब्द आपल्या घरात आपल्या नियमानं वागणार. घोळ होतो तो हीच सवय घेऊन परत इंग्रजीत गेल्यावर, 'माय पँट इज टॉर्न', 'व्हेअर इज माय जीन्स'.

तेव्हा वापराचं तेवढं बघून घेऊ. नुसतं पँट्स, जीन्स, शॉर्ट्स असेल तर क्रियापद अनेकवचनी, 'व्हेअर आर माय जीन्स?', आणि उत्तर पण 'दे आर ऑन द चेअर', वस्तू एकच असली तरी 'दे'. 'धिस पँट्स' नाही, 'दीज पँट्स'. पण पुढे पेअर लावलं की क्रियापद पेअरच्या मागे जातं, 'धिस पेअर ऑफ पँट्स इज टू लाँग'. एकापेक्षा जास्त असतील तर 'थ्री पेअर्स', पेअरला पण स लागतो. 'अ जीन्स' नाही म्हणायचं, 'अ पेअर ऑफ जीन्स' किंवा सरळ 'सम जीन्स', सम म्हटलं तरी समोरचा एकच समजतो, काळजी नको. आणि हो, फॅशनवाले लोक कॅटलॉगमधे 'अ स्लिम पँट', 'द परफेक्ट पँट' असं बिनधास्त एकवचनी लिहितात, ती त्या धंद्याची बोली आहे, बाकी ठिकाणी तसं लिहिलं तर चूक काढतील. अजून एक, हाच शब्द दुसऱ्या नामाला चिकटला की स बहुतेक वेळा गळतो, ट्राउझर पॉकेट, पायजामा पार्टी, सिझर किक.

ह्या सगळ्यापेक्षा जास्त फजिती करणारी गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत पँट्स म्हणजे वरून घालायची पँट, ब्रिटनमधे मात्र पँट्स म्हणजे बहुतेक ठिकाणी आतली चड्डी, बाहेरची ती ट्राउझर्स. त्यामुळे ब्रिटिश माणसाला 'आय लाइक युवर पँट्स' असं कौतुकानं सांगितलं तर तो आधी खाली बघेल. तिथल्या बोलीत 'दॅट्स पँट्स' म्हणजे 'एकदम फालतू' असाही अर्थ होतो. माझा सल्ला साधा, समोरचा कुठला आहे माहीत नसेल तर ट्राउझर्स म्हणा, कुठेच लाज जात नाही.

वाक्प्रचारातसुद्धा हे देशाप्रमाणे बदलतं. घरात कुणाचं चालतं हे सांगायला अमेरिकन 'वेअर्स द पँट्स' म्हणतात आणि ब्रिटिश 'वेअर्स द ट्राउझर्स'. 'कॉट विथ युवर पँट्स डाउन' म्हणजे बेसावध असताना पकडलं जाणं. 'अँट्स इन युवर पँट्स' म्हणजे एका जागी बूड न टेकणारा माणूस. 'फ्लाय बाय द सीट ऑफ युवर पँट्स' हा मला आवडतो, सुरुवातीच्या काळात विमानात यंत्रं फार कमी असायची, तेव्हा विमान कसं वागतंय हे पायलटला बसल्या जागी बुडाखाली जाणवायचं आणि तो त्या अंदाजानं उडवायचा, त्यावरून आता कुठलीही तयारी नसताना अंदाजपंचे काम रेटणं ह्याला तसं म्हणतात. ह्यातल्या एकाही ठिकाणी 'पेअर' येत नाही बघा, कारण इथे पँट मोजायची नाहीये.

आणि आता घरचं प्रकरण. आपला 'पायजमा' मूळ फारसी, 'पाय' आणि 'जामा' म्हणजे वस्त्र, पायाचं वस्त्र, सरळ एकवचनी पुल्लिंगी शब्द, एक पायजमा, दोन पायजमे. इंग्रजांनी तो इथून उचलला, आणि त्याला दोन पाय दिसल्याबरोबर शेवटी स लावून टाकला, पायजामाज! जोधपूरवरून आलेल्या घोडेस्वारीच्या तंग विजारीचं 'जोधपूर्स' केलं. मुंबईतल्या डोंगरीच्या नावावरून ओळखलं जाणारं जाडंभरडं कापड, त्यापासून शिवलेल्या कपड्याचं 'डंगरीज' केलं, आणि मातीच्या रंगाच्या खाकीचं पण 'खाकीज'. कमरबंद मात्र 'कमरबंड' म्हणून एकवचनीच राहिला, त्याला पाय नाहीत ना. म्हणजे आपण त्यांच्या पँट्सचा स कापला आणि त्यांनी आपल्या पायजम्याला तो चिकटवला, फिटंफाट.

फक्त तिकडे जाऊन पायजम्याचा अर्थ फुगला. आपल्याकडे तो खालचा कपडा, इंग्रजीत 'पेअर ऑफ पायजामाज' म्हणजे रात्री झोपताना घालायचा अख्खा सेट, वरचा शर्ट आणि खालची विजार. म्हणजे जिथे पेअर म्हटल्यावर एकच वस्तू हातात येईल असं आपण इतका वेळ घोकलं, तिथेच बरोब्बर दोन वस्तू निघतात, पण दोन्ही वेगवेगळ्या.

हे सगळं मित्राला समजावून झालं होतं फक्त हा शेवटचा भाग राहिला होता, आणि पुढच्याच महिन्यात त्यानं 'टू पेअर्स ऑफ पायजामाज' मागवले. दोन नग येणार हे आता त्याला पक्कं माहीत. खोक्यातून चार कपडे निघाले. ह्यावेळी तक्रार गेली नाही, आणि मीही अजून त्याला काही बोललेलो नाही.